‘वल्द’च्या पुढे दोन नावं : विदर्भातल्या खेड्यात पूर्वजाचा बाप कसा शोधावा

आखजीला आमच्या घरी पितरांची पानं वाढताना आजी एकेकाचं नाव घ्यायची. नावं संपली की आणखी एक पान वाढायची. त्याला नाव नसायचं. विचारलं तर म्हणायची, “नदीपल्याडच्या बुढ्याचं हाय थे.” नदी म्हणजे वर्धा. आमचं गाव आर्वी तालुक्यात, नदीच्या या काठाला. पल्याड अमरावती जिल्हा, जुना वऱ्हाड. आजी गेल्यावर काही वर्षांनी वाटणीच्या कामासाठी जुने कागद काढले, तेव्हा पणजोबांच्या नावापुढे एका कागदात ‘वल्द’ (म्हणजे अमक्याचा मुलगा) म्हणून एक नाव दिसलं आणि दुसऱ्यात दुसरंच. त्या दिवशी मला ते बिननावाचं पान आठवलं.

पुढची चार वर्षं मी हा धागा शोधला. त्यातली पहिली दोन वाया गेली, कारण मी बापाचं नाव धरून कागद चाळत होतो. दोन नावांपैकी खरं कोणतं हेच ठाऊक नसताना त्या नावांनी शोधून काही हाती लागत नाही. वाट सापडली ती पणजोबांच्या आईचा, म्हणजे माझ्या खापरपणजीचा माग काढायला लागल्यावर. म्हणून आधीच सांगतो : बाप अनिश्चित असेल तर आई शोधा. तिचं माहेर कोणतं, पहिलं सासर कुठलं, पाट (विधवेचं दुसरं लग्न) कधी लागला, ती कोणत्या गावी वारली. बाप त्या वाटेवर भेटतो.

सोयीसाठी कागदांतल्या त्या दोन बापांना मी ‘अलीकडचा’ आणि ‘पल्याडचा’ म्हणतो.

आधी म्हाताऱ्या माणसांकडे बसा

कचेरीत जाण्याआधी घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्यात वयस्कर बायकांकडे जा. पुरुषांना शेताच्या धुऱ्यांचं जास्त आठवतं. कोण कोणाच्या कडेवर आलं, कोणाला कोणी दूध पाजलं, कोणाचं लग्न कोणत्या मामाने लावलं, हे बायकांना आठवतं. एका भेटीत सगळं विचारू नका. “त्यांचा खरा बाप कोण होता?” असा प्रश्न तर कधीच विचारू नका. त्या प्रश्नाने समोरचं माणूस घराण्याच्या अब्रूपाशी जाऊन थांबतं. त्याऐवजी विचारा : पणजोबांचे मामा कोणत्या गावचे? दिवाळीनंतर ते कोणाकडे जायचे? त्यांच्या लग्नात मांडवाला देवक कोणतं होतं? पितरांत कोणाकोणाची पानं वाढतात?

शेवटचे दोन प्रश्न फार मोलाचे आहेत. माणसं कागदावर काहीही लिहून घेतात, पण पितरांच्या पानात सहसा फेरफार करत नाहीत. मूल दुसऱ्या घरात वाढलं तरी पहिल्या घराचं देवक किंवा कुळदैवत कधीकधी त्याच्याबरोबर येतं. आमच्या एका दूरच्या आत्याने मला सहज सांगितलं, “बापू, थो बुढा त मायच्या कडेवर आला होता इथं. मानमोडीत माय गेली, तवा थो पोट्टाच होता.” या दोन वाक्यांत पाट होता, मुलाचं अंदाजे वय होतं आणि आईच्या मृत्यूचं सालही होतं. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ.

जुन्या माणसांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतात. म्हणून प्रसंगांची एक पट्टी तयार करून जवळ ठेवा : १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ (संवत १९५६, म्हणून ‘छप्पनचा’), १९१८ ची मानमोडी, १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह, १९३६ ला गांधीजी सेवाग्रामला राहायला आले ते, ऑगस्ट १९४२ चं आष्टी-चिमूर, १९५१ ला मालगुजारी (मालगुजाराने गावाचा सारा गोळा करून सरकारला भरायची पद्धत) गेली ते. “आष्टीत गोळीबार झाला तवा तुमचे बाबा किती मोठे होते?” असं विचारलं की उत्तर येतं.

बोलणं त्यांच्या परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आणि कोणी, कोणाकडून ऐकलेलं सांगितलं तेही टिपा. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, सासूकडून ऐकलेलं वेगळं.

मूल बापाच्या नावापासून का तुटतं

कागदाकडे जाण्याआधी शक्यता मांडून घ्या. विदर्भातल्या कुणबी, तेली, माळी आणि इतर अनेक समाजांत विधवेचा पाट लागायचा. पहिल्या नवऱ्याचं मूल कधी आईबरोबर नव्या घरी यायचं, कधी काकाकडे राहायचं. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुन्हा लग्न केलेल्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे. मुलाचा हक्क मात्र संपत नसे. हे ध्यानात ठेवा, कारण मूल आईबरोबर गेलं तरी त्याचा शेतातला हिस्सा बापाच्या गावी राहतो, आणि हिस्सा राहिला की कागद राहतो.

दुसरी शक्यता दत्तकाची. जन्मदात्याचं नाव जाऊन दत्तक घेणाऱ्याचं लागतं. तिसरी घरजावयाची : पुरुष सासऱ्याच्या गावी राहतो आणि एक-दोन पिढ्यांनी लोक सासऱ्यालाच बाप समजतात. चौथी, मुलाच्या नोंदीत फक्त आईचंच नाव असण्याची. तशी नोंद सापडली तर ती जशी आहे तशी उतरवून घ्या आणि त्या बाईबद्दल आपल्या मनाने काही जोडू नका. सव्वाशे वर्षांपूर्वी एकट्या बाईने मूल वाढवलं, एवढंच तो कागद सांगतो.

नदीच्या कोणत्या बाजूला आहात ते पाहा

विदर्भ कागदपत्रांच्या दृष्टीने एकसारखा नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) हे जिल्हे मध्य प्रांतात होते आणि तिथे मालगुजारी होती. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा म्हणजे वऱ्हाड; तो १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, पण तिथली जमीनव्यवस्था रयतवारीच, म्हणजे शेतकऱ्याने सारा थेट सरकारला भरायची, राहिली. मग १९५६ ला सगळा विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. त्यामुळे एकाच घराण्याचे कागद दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडतात.

मालगुजारी भागात जुन्या बंदोबस्ताच्या (जमीनमोजणी आणि साराआकारणीच्या) मिसली, म्हणजे कागदांचे गठ्ठे, पाहायच्या. त्यात खसरा (शेतांची नंबरवार यादी), जमाबंदी (साऱ्याची यादी), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रीतींची नोंद) असतात; भाषा हिंदी-मराठी मिसळलेली. वऱ्हाडात जुने कागद बरेच मोडी लिपीत आहेत, आणि पाटीलकी-पटवारकीच्या हक्काच्या प्रकरणांना जोडलेले कुर्सीनामे, म्हणजे वंशावळी, तिथे सापडतात. दोन्हीकडे उपयोगी पडणारा कागद म्हणजे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे कोणती जमीन कोणाच्या नावे याची नोंद. शोध बहुतेक वेळा तिथून मागे सुरू करावा.

जिल्हे नंतर फुटले हेही विसरू नका. गडचिरोली १९८२ ला, वाशीम १९९८ ला, गोंदिया १९९९ ला वेगळे झाले. त्याआधीची एखादी मिसल अजून मूळ जिल्ह्याच्या अभिलेखागारात असू शकते.

कागदावरचे छोटे शब्द

हे शब्द कळले नाहीत तर समोर असलेलं उत्तर हातून जातं. ‘वल्द’ किंवा ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘जौजे’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘साकीन’ म्हणजे राहणार. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता : मूल लहान आहे आणि त्याच्या वतीने अमुक माणूस शेत सांभाळतो. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. अनिश्चित बापाच्या शोधात ‘अ.पा.क.’ इतकं उपयोगी दुसरं काही नाही, कारण बाप वारला आणि मूल लहान होतं हे त्यातून कळतं, आणि पालनकर्ता आई असेल तर तिचं नावही मिळतं.

मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्गही घेतो. स्वतः वाचायला लागलात तर दोन गोष्टी सांभाळा : मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि शब्द न तोडता सलग लिहिलेले असतात. मी एका नावाचा शेवट पुढच्या आडनावाला जोडून वाचला आणि तीन महिने भलत्याच घराण्याच्या मागे गेलो. सनांचंही तसंच. शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, वऱ्हाडातल्या जुन्या कागदात फसली सन (महसुली वर्ष) असेल तर साधारण ५९० मिळवा. वर्षाची सुरुवात वेगळ्या महिन्यात होते, म्हणून एका वर्षाचा फरक गृहीत धरा.

जमिनीचे कागद

सातबाऱ्यापासून सुरुवात करा. सातबाऱ्यावर फेरफाराचे, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचे, क्रमांक असतात. त्या प्रत्येक क्रमांकाचा फेरफार काढा. ‘अमुक मयत, वारस अमुक’ असा फेरफार म्हणजे एका पिढीची वंशावळ. त्यात मुली, विधवा, सावत्र मुलं सगळी येतात, निदान यायला हवीत. एखादं नाव वारसात नाही आणि गावात मात्र तो माणूस मुलगा म्हणून राहत होता, असं दिसलं तर तिथे थांबा. तोच धागा असतो.

आपले अभिलेख या सरकारी संकेतस्थळावर काही तालुक्यांचे जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे नसेल तर तहसील कार्यालयाचं अभिलेखागार किंवा भूमी अभिलेख उपअधीक्षकांचं कार्यालय. नक्कल अर्जात मौजा, तालुका, जिल्हा, खसरा किंवा सर्व्हे नंबर आणि सालांची मर्यादा लिहा. “माझ्या पणजोबांचे सर्व कागद द्या” असा अर्ज परत येतो. माझे पहिले दोन तसेच परत आले. तिसऱ्यात नेमका खसरा नंबर लिहिला आणि दहा दिवसांत नक्कल हाती पडली.

आमच्या अधिकार अभिलेखात पणजोबांपुढे अलीकडच्याचं नाव होतं. ते खोटं म्हणता येत नाही. ज्या घरात माणूस वाढला, ज्याने त्याला शेत दिलं, त्याचं नाव पटवाऱ्याने गावाला विचारून लिहिलं. म्हणूनच प्रत्येक नोंदीपुढे मी दोन प्रश्न लिहून ठेवले : हे कोणी सांगितलं असेल? कोणत्या कामासाठी लिहिलं गेलं? जमिनीच्या कागदाला ताबा कोणाचा याच्याशी कर्तव्य असतं, जन्माशी नसतं.

खरेदीखतं

माझं कोडं इथे सुटलं, म्हणून याबद्दल थोडं जास्त सांगतो. दुय्यम निबंधक कार्यालयात जुनी नोंदणीकृत खतं असतात. सूची दोन तऱ्हेची असते : एक माणसांच्या नावांची, दुसरी मालमत्तेची, म्हणजे गाव आणि सर्व्हे नंबरप्रमाणे. नाव अनिश्चित असेल तर मालमत्तेची सूची पाहा. मी आमच्या गावच्या सूचीत काही न मिळाल्यावर आत्याने सांगितलेल्या पल्याडच्या गावची सूची पाहिली. १९३१ च्या एका खतात आमचे पणजोबा विकणारे होते. बापाच्या जागी पल्याडच्याचं नाव, ‘हल्ली राहणार’ म्हणून आमचं गाव, आणि मजकुरात लिहिलेलं : वडिलार्जित हिस्सा, माझ्या अज्ञानपणी चुलते वहिवाट करीत होते, तो हिस्सा आता चुलत्यांसच विकला.

खत वाचताना शेवटपर्यंत वाचा. चतुःसीमेत शेजारच्या शेताच्या मालकांची नावं येतात आणि ती बहुधा भावकीची असतात. दस्तात वय अंदाजे का होईना लिहिलेलं असतं. साक्षीदार तर फारच महत्त्वाचे. आमच्या खतावर एक साक्षीदार तिसऱ्याच गावचा होता. आत्याला नाव सांगितलं तर ती म्हणाली, “थो त बुढ्याचा मामा.”

वाटणीचा दावा झाला असेल तर दिवाणी न्यायालयातल्या कागदांत दोन्ही बाजूंच्या वंशावळी मिळतात. दोन्ही वाचा, कारण एका बाजूने लपवलेलं नाव दुसरी बाजू पुढे आणते.

कोतवाल बुक

गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल ते सांगायचा आणि वहीत नोंद व्हायची. या वह्या तहसीलच्या अभिलेखागारात असतात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ पासून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा अशा बऱ्याच वह्या स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. आधी तिथे पाहा, पाय दुखणार नाहीत.

पण हे आधी समजून घ्या : जुन्या कोतवाल बुकात बाळाचं नाव बहुधा नसतं. ‘अमुकला मुलगा झाला’ इतकंच. म्हणजे पूर्वजाच्या नावाने शोधू नका. संभाव्य बापाच्या नावाने, अंदाजे जन्मसालाच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वर्षं, पानन् पान पाहा. मुलाची नोंद सापडली की आनंदाने वही मिटू नका. पुढच्या सहा-सात वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी पाहा. पल्याडच्याच्या घरी १९०२ ला एक मुलगा आणि १९०४ ला दुसरा मुलगा झाल्याची नोंद मला मिळाली. मी १९०२ चाच आपला म्हणून धरला होता. पुढे १९०३ च्या पानावर त्याच्या घरी एक वर्षाच्या मुलाचा मृत्यू लिहिलेला निघाला. उरला १९०४ चा. आणि १९०६ ला स्वतः पल्याडचा वारल्याची नोंद, कारण ‘ताप’.

नोंदीचा फोटो घ्यायला परवानगी मिळाली तर पूर्ण पान घ्या. वरच्या-खालच्या नोंदींची शाई आणि अक्षर त्यात येतं. या वह्यांना जातीच्या दाखल्यासाठी किंमत आल्यापासून काही ठिकाणी नंतर घुसवलेल्या नोंदी आढळल्या आहेत. वेगळी शाई, दोन ओळींत दाटून बसवलेलं अक्षर, तुटलेला अनुक्रमांक दिसला तर त्या नोंदीवर विसंबू नका. आपल्या सोयीची असली तरी नको.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही पाहा. बापाचं नाव आणि पालकाचं नाव वेगळं असेल तर ते उपयोगी. जन्मतारीख मात्र जपून घ्या, कारण १ जुलै ही बहुतेक वेळा मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली असते. १९५१ चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर मिळालं तर एका घरात कोण कोण राहत होतं ते कळतं. घराण्याचं त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरला जाणं असेल तर तिथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या पाहा. गोंड घराण्यांत पारधानांकडे, पोवारांत भाटांकडे पिढ्यांची नावं असतात.

पल्याडच्या घरी जाताना

खत हाती आल्यावर मी त्या गावी गेलो. पहिल्या भेटीत त्या घराने मला पाणी दिलं आणि फारसं काही बोललं नाही. ते का ते नंतर कळलं : शंभर वर्षांनी कोणी आलं म्हणजे शेताचा हिस्सा मागायला आलं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या खेपेला १९३१ च्या खताची झेरॉक्स घेऊन गेलो आणि बसतानाच सांगितलं की आमच्या पणजोबांनी हिस्सा विकून पैसे घेतलेले आहेत, मला फक्त नावं हवीत. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्याने आतून ट्रंक आणली. तुम्ही जाल तेव्हा हे पहिल्याच भेटीत सांगा. आणि त्यांची नावं, फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठे टाकू नका.

डीएनए चाचणीबद्दल

चाचणी करायची असेल तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करा. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो, पुढच्या पिढीच्या चुलत भावंडांत तो तीन टक्क्यांच्या आसपास येतो. एकेक पिढी उशीर म्हणजे पुरावा अर्ध्याहून पातळ. पुरुषापासून पुरुषाला जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी दोन घराण्यांत बापाची ओळ एक आहे की नाही ते सांगते. पण विधवेचा पाट धाकट्या दिराशी लागला असेल, जे काही समाजांत व्हायचं, तर दोन्ही भावांची ती ओळ एकच असते आणि ही चाचणी त्यांना वेगळं करू शकत नाही. चाचणी देणाऱ्याला आधी सांगा की उत्तर नकोसंही निघू शकतं. आम्ही ती केली नाही. पल्याडच्या म्हाताऱ्याची इच्छा नव्हती.

लिहून ठेवताना

शेवटी एक वही करा. डाव्या पानावर प्रत्येक दावा, उजव्या पानावर त्याचा कागद, कागदाचा क्रमांक, कुठे पाहिला, आणि विरुद्ध जाणारं काही असेल तर तेही. दाव्यापुढे ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘ऐकीव’ यांतला एक शब्द. माझ्या वहीत पल्याडच्याच्या नावापुढे ‘नक्की’ आहे : खत, चुलते, मामाची साक्ष, कोतवाल बुक आणि आजीचं पान, हे पाच पुरावे एकमेकांना न विचारता एकाच घरी पोचतात. अलीकडच्याचं नावही मी खोडलेलं नाही. त्याच्यापुढे ‘वाढवलं’ असं लिहिलं आहे.

खापरपणजीचं स्वतःचं नाव मात्र अजून मिळालेलं नाही. खतात ती ‘माझी आई’ आहे. १९१८ च्या कोतवाल बुकात ‘अमुकची जौजे, वय ३५, ताप’. त्या वयावरून जन्म १८८३ च्या आगेमागे येतो. मामाच्या गावची त्या वर्षांची वही तहसीलच्या रॅकवर आहे. तिथे तिचं नाव नसेल, ‘मुलगी झाली’ इतकंच असेल, पण तिच्या बापाच्या मृत्यूनंतरच्या वारसाच्या कागदात मुलींची नावं लिहिली असतील का ते पाहायचं आहे. नकलेचा अर्ज दिला आहे.